वरच्या मजल्यावरची मोटार

सेक्रेटरींनी नोकरीची सगळी वर्षं चोर पकडण्यात घालवली होती. पोलिसात नव्हे, वीज कंपनीत. मीटर तपासणीस होते ते. कुणी मीटरची चकती अडकवून ठेवलीय, कुणी मीटरच्या अलीकडूनच तार ओढलीय, हे त्यांना म्हणे दारातून आत पाऊल टाकताच कळायचं. "चोरीचं घर जरा जास्तच अगत्य करतं," असं ते सांगत. "बसा म्हणायच्या आधी खुर्ची पुढे आली, की समजायचं, इथे पाणी मुरतंय." निवृत्त झाल्यावर इमारतीतल्या लोकांनी त्यांना कमिटीचं सेक्रेटरी केलं, कारण दुसरं कुणी तयारच नव्हतं. त्यांना मात्र तो मान वाटला. हळूहळू त्यांचं नाव मागे पडलं आणि सगळेच त्यांना सेक्रेटरी म्हणू लागले. चिडली की बायकोसुद्धा.

आवाज पहिल्यांदा आला तो एका दुपारी. जेवण झालेलं, पडदे ओढलेले, सेक्रेटरी उजव्या कुशीवर आडवे झालेले. डोळा लागणार तेवढ्यात, धप्‌. धप्‌. धप्‌. आणि प्रत्येक धप्‌च्या मागे एक बारीक फुसकारा, जुन्या पाण्याच्या मोटारीचा असतो तसा.

ते उठून बसले. "अगं, ऐकलंस का?"

"काय?" बायको पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती.

"मोटार चालू आहे कुठेतरी."

ती हातातला टॉवेल घेऊनच दारात आली, छताकडे बघत उभी राहिली. "नाही बाई. मला काहीच येत नाही ऐकू."

"नीट ऐक."

"नीटच ऐकतेय. तुमचं घोरणं तेवढं सुरू व्हायचं राहिलं होतं."

सेक्रेटरींनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. बायकोला प्रेशर कुकरची शिट्टीसुद्धा दुसऱ्यांदा ऐकू येते, असं त्यांचं जुनं मत होतं. ते पुन्हा आडवे झाले. धप्‌. धप्‌. मोटार चालूच होती.

त्यात भर अशी, की त्याच सुमाराला गच्चीवरची टाकी लवकर रिकामी व्हायला लागली होती. सकाळी भरलेली टाकी संध्याकाळी तळाला जायची आणि वरच्या मजल्यावरची माणसं तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत सेक्रेटरींना फोन करायची. सेक्रेटरींच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकमेकींना जाऊन चिकटल्या. कुणीतरी टाकीच्या पाइपला चोरून मोटार जोडलीय आणि पाणी ओढतंय. आता प्रश्न एवढाच होता, की कोण.

त्यासाठी फार लांब जायला नको होतं. सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, नुकतेच नवे भाडेकरू आले होते. चाळिशीचा एक माणूस आणि त्याची म्हातारी आई. तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा. घरातल्याच एका खोलीत त्याचं काम चालायचं, म्हणून सगळी इमारत त्याला कवळीवाला म्हणायची. शांत माणूस. जिन्यात भेटला की हसायचा, पण तोंड मिटून. "दुसऱ्यांचे दात बनवतो, स्वतःचे दाखवत नाही," असं सेक्रेटरी एकदा म्हणाले होते, आणि ते विनोदानं म्हणाले नव्हते.

"कवळीला पाणी लागतं ना पुष्कळ?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला काय माहीत? त्यांच्या आईला विचारते."

"काही विचारू नकोस. सावध होतील."

तपास सुरू झाला. आवाज आला की सेक्रेटरी सपाता घालून जिना चढायचे. आणि इथे एक चमत्कारिक गोष्ट घडायची. ते जसजसे वर जात, तसतशी मोटार जोरात चालायची. धप्‌धप्‌ धप्‌धप्‌. जिन्याच्या वळणावर तर ती नुसती धावत सुटायची. म्हणजे आपण अगदी जवळ आलो, सेक्रेटरी मनात म्हणायचे. ते कवळीवाल्याच्या दाराशी उभे राहायचे. त्यांचा डावा कान अधिक तिखट, म्हणून मान उजवीकडे वळवून डावा कान दाराला लावायचे. आणि त्या क्षणी मोटार बंद.

अगदी बटण दाबल्यासारखी बंद.

पहिल्या वेळी त्यांना वाटलं, योगायोग. पण दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही तेच. दारापासून दूर होऊन ते सरळ उभे राहिले की मोटार परत सुरू. कान लावला की बंद. नोकरीत त्यांनी एकापेक्षा एक बिलंदर पाहिले होते, पण असा नव्हता पाहिला. हा माणूस आतून आपल्याला बघतोय. दाराला तर छिद्रही नाही. मग कळतं कसं?

चौथ्यांदा ते दाराला कान लावून उभे असताना दार उघडलं. कवळीवाला समोर. हात कोपरापर्यंत ओल्या, पांढऱ्या प्लॅस्टरने माखलेले.

"काका? काही हवं होतं का?"

सेक्रेटरींनी मान सरळ केली. धप्‌. धप्‌. "टाकीच्या पाण्याबद्दल विचारायचं होतं. आत येऊ का?"

"या की." आणि त्याने लगेच खुर्ची पुढे केली.

सेक्रेटरींनी ती खुर्ची मनात नोंदवली. बसले नाहीत. कामाच्या खोलीत फिरून त्यांनी सगळं पाहून घेतलं. फळीवर ओळीने मांडलेले जबड्यांचे साचे, प्रत्येकावर पेन्सिलीने खुणा. गुलाबी मेणाच्या पट्ट्या. छोट्या दिव्यावर तापत ठेवलेली सुरी. कोपऱ्यात पॉलिश करायचं यंत्र आणि त्याच्या शेजारी एक बुटकं टेबल.

"हे काय?"

"थरथरतं ते. साच्यात प्लॅस्टर ओतलं की बुडबुडे राहतात. ते निघायला हवेत, नाहीतर कवळी टोचते." त्याने बटण दाबून दाखवलं. टेबल गुरगुरलं. हा आवाज अगदी वेगळा होता, पातळ, माशी काचेवर आपटावी तसा.

"हे नाही," सेक्रेटरी पुटपुटले.

"काय नाही?"

"काही नाही. पाणी किती लागतं तुम्हाला?"

"बादलीभर. प्लॅस्टरला कितीसं लागणार?"

बादलीभर. खोटं बोलणारा माणूस नेहमी छोटा आकडा सांगतो, हा सेक्रेटरींचा अनुभव होता. आतून म्हातारी आली. गुडघ्याला पट्टा बांधलेला. "तुमच्या घरच्या बऱ्या आहेत ना?" तिने विचारलं. "काल त्यांनी तेल चोळून दिलं गुडघ्याला. किती बरं वाटलं."

सेक्रेटरी थबकले. काल? बायको काल इथे आली होती? आपल्याला बोलली नाही.

जिना उतरताना त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण वर निघालो की ह्यांना कळतं. कसं कळतं? कुणीतरी खालून कळवतं. आणि खाली आहे कोण?

त्या दिवसापासून सेक्रेटरी घरात पाहुण्यासारखे वागायला लागले. वर जाताना सांगेनासे झाले. "जरा पेपर आणतो" म्हणून निघायचे आणि वर जायचे. तरी मोटार कान लावताच बंद. त्यांनी बायकोला भाजीला पाठवून पाहिलं. तरी बंद. म्हणजे जाताना सांगून गेली असणार. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली की ते पाण्याच्या निमित्ताने मागे जायचे, आणि ती एकदम गप्प व्हायची. एकदा ते बाहेरून आले तेव्हा ती खिडकीशी उभी राहून दबक्या आवाजात बोलत होती. "हो, पुन्हा वर गेलेत… हो गं, कान लावायला. मला तर काही सुचत नाही."

सेक्रेटरींनी दार धाडकन लावलं. "कुणाला कळवत होतीस?"

बायको दचकली. "लेकीला."

"माझ्यावर पाळत ठेवून?"

"तुमच्यावर कशाला पाळत ठेवू? तुम्हीच ठेवताय सगळ्यांवर." तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "अहो, घरात काहीही आवाज नाही. कुणालाच येत नाही तो आवाज. समोरच्यांना विचारलं, खालच्यांना विचारलं. मला भीती वाटते हो."

"म्हणजे सगळ्या इमारतीला विचारून बसलीस! आता तो सावध नाही होणार तर काय?"

ती आत गेली. इतक्या वर्षांच्या संसारात सेक्रेटरींनी तिच्याबद्दल बरंच काही म्हटलं होतं, पण ती शत्रूच्या बाजूची आहे, असं कधी मनात आलं नव्हतं. आता आलं. आणि एकदा आलेला विचार जाईना. ती वाढताना ते तिच्या हाताकडे बघायचे, जसं पूर्वी संशयित ग्राहकाच्या हाताकडे बघत.

शेवटी त्यांनी कमिटीची बैठक बोलावली. तळमजल्यावर एक वकील राहायचे. त्यांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय होती.

"पुरावा काय?" वकिलांनी विचारलं.

"माझे कान."

"कानांची साक्ष कोर्टात चालत नाही, सेक्रेटरी."

"टाकी रिकामी होते, ती चालते ना? त्याची न्हाणी उघडून बघू. मोटार निघाली नाही, तर खर्च माझा."

ह्या शेवटच्या वाक्यावर ठराव एकमताने पास झाला. घरमालक दुसऱ्या गावी राहायचा. त्याने फोनवर परवानगी दिली आणि वर म्हणाला, असली भानगड असेल तर भाडेकरूला मी महिनाअखेर काढतोच.

प्लंबर आला. कवळीवाल्याच्या न्हाणीतल्या फरश्या निघाल्या, भिंतीतला पाइप उघडा पडला. म्हातारी बाहेरच्या खोलीत नाकाला पदर लावून बसली होती. सगळीकडे धूळ, आणि कवळीवाल्याच्या फळीवरच्या साच्यांवरही धूळ. तो एकेक साचा उचलून फुंकर मारत होता. सेक्रेटरी पाइपाशी वाकून बघत होते. वाकले की मोटार इतकी जोरात चालायची, की प्लंबर काय म्हणतोय तेही ऐकू येईना.

"साहेब, म्हटलं ना, इथे काही नाही. सरळ पाइप आहे."

मोटार निघाली नाही. निघाली ती भलतीच गोष्ट. गच्चीवर टाकीला ती धुताना पाणी सोडायचा एक नळ होता, त्याचा व्हॉल्व झिजला होता आणि पाणी दिवसभर गुपचूप गटारात जात होतं. प्लंबर पाइप बंद करायला वर गेला तेव्हा त्याला ते दिसलं. व्हॉल्व बदलला आणि टाकी संध्याकाळपर्यंत पुरायला लागली.

सेक्रेटरींनी न्हाणी दुरुस्त करून दिली. माफी मागायला मात्र त्यांचं तोंड उघडेना. कारण मोटार अजून चालूच होती. पाणी जात नसेल कदाचित, पण काहीतरी चालू होतं. बहुतेक त्याने ती दुसरीकडे हलवली असेल. घरमालकाने तोपर्यंत आपला शब्द खरा केला. भाडेकरू भांडणं आणतो, असं म्हणून त्याने कवळीवाल्याला घर रिकामं करायला सांगितलं. सामान उतरताना सेक्रेटरी जिन्यात समोर आले. कवळीवाल्याच्या हातात साच्यांची पेटी होती.

"काका, तुम्ही दाराला कान लावून उभे राहायचात, हे आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," तो म्हणाला. "ती म्हणायची, एकटा वाटतो बिचारा, बोलव आत. मी म्हटलं, बोलवू. तेव्हा दार उघडलं होतं मी." आणि पेटी सांभाळत तो उतरून गेला.

वर आता घर रिकामं होतं. त्याच दुपारी सेक्रेटरी उजव्या कुशीवर झोपले. धप्‌. धप्‌. धप्‌.

लेकीने हट्ट धरून दोघांना आपल्याकडे नेलं. तिचं घर गावाबाहेर, मोकळ्यावर, आजूबाजूला दुसरी भिंत नाही. वर मजला नाही. जेवणानंतर सेक्रेटरींना मागची खोली दिली. ते आडवे झाले, डोळे मिटले, बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. आणि धप्‌.

ते ताडकन उठले. पहिला संशय जावयावर गेला. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पाण्याची मोटार आहे का?"

"होती बाबा, जळली," जावई म्हणाला. "सध्या टँकरच मागवतोय. का?"

"सहज."

ते परत खोलीत गेले. दार लावलं. खाटेच्या कडेला बसले. नोकरीत एखाद्याच्या मीटरवर संशय आला, की ते त्याच्या शेजारी स्वतःचा चेक मीटर लावायचे आणि दोन्ही चकत्या एकत्र फिरतात का बघायचे. का कोण जाणे, पण त्यांनी उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवली. धप्‌. बोटाखाली ठोका. धप्‌. ठोका. ते उठून खोलीत जोरजोरात चालले, पुन्हा बसले. दोन्ही भराभर. थांबले. दोन्ही हळूहळू सावकाश. मान उजवीकडे वळवली. ठोका चालू, आवाज बंद. मान सरळ केली. आवाज परत.

कवळीवाल्याचं दार आठवलं. जिना आठवला. बायकोच्या हाताकडे बघत जेवलेले सगळे दिवस आठवले.

तरी लगेच त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आता संशय स्वतःवर होता, आणि तो सगळ्यात वाईट. आधी वाटलं, हृदयाचं काहीतरी आहे, आज ना उद्या थांबेल. मग वाटलं, डोक्याचं आहे, बायको म्हणते तेच खरं. लेकीच्या घरी ते एकदम गरीब गाईसारखे वागायला लागले. ताटात वाढलेलं निमूट खायचे. नातीने गोष्ट सांगायला लावली तर सांगायचे. शेवटी बायकोनेच त्यांना अंगणात गाठलं.

"आवाज इथेही येतो ना?"

सेक्रेटरींनी तिच्याकडे पाहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? तुम्ही इथे आल्यापासून भांडला नाहीत माझ्याशी."

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. मनगटाचं, मानेचं, जिन्याचं. सांगताना खाली बघत होते. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी वर फोन करून कळवते असं वाटत होतं तुम्हाला?"

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. मात्र दुसऱ्या दिवशी डॉक्टरची वेळ तिनेच घेतली.

पहिल्या डॉक्टरने वयाप्रमाणे कानात आवाज येतातच म्हणून गोळ्या दिल्या. सेक्रेटरींचा त्याच्यावर विश्वास बसला नाही, आणि ह्या वेळी बायकोचाही बसला नाही. दुसरी डॉक्टरीण तरुण होती, कानांचीच. तिने एकच प्रश्न विचारला. "काका, आवाज नाडीच्या तालात येतो का?"

सेक्रेटरी खुर्चीतच पुढे सरकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"विचारतेय फक्त." तिने खोलीतला पंखा बंद केला, खिडकी लावली, बाहेरच्या मुलीला गप्प बसायला सांगितलं. मग स्टेथोस्कोप त्यांच्या उजव्या कानाच्या मागे टेकवला. छातीवर नव्हे, कानामागे. डोळे मिटून ऐकत राहिली. सेक्रेटरी श्वास रोखून बसले होते. ही म्हणणार, काही नाही. सगळे तेच म्हणतात.

"येतो," ती म्हणाली. "बारीक आहे, पण येतो. फुसकारा आहे मागे."

"फुसकारा!" सेक्रेटरी जवळजवळ ओरडले. "आहे ना? प्रत्येक धप्‌च्या मागे?"

"आहे. सगळ्यांचा असा बाहेरून ऐकू येत नाही. तुमचा येतो." मग तिने बायकोकडे पाहिलं. "काकू, ऐकायचंय?"

बायकोने स्टेथोस्कोप कानाला लावला. थोडा तिरका लागला, डॉक्टरणीने नीट करून दिला. तिने ती चकती नवऱ्याच्या कानामागे धरली. खोलीत कुणीच हलत नव्हतं. बायकोचा चेहरा आधी नुसताच लक्ष देणारा होता. मग तिची भुवई हलली. मग तिने दुसऱ्या हाताने त्यांचं डोकं धरलं, जसं लहान मुलाचं धरतात, आणि ऐकतच राहिली.

"अहो," ती शेवटी म्हणाली. "हे दिवसभर?"

"दिवसभर."

"आणि मी म्हणत होते, नाही, नाही." तिने स्टेथोस्कोप काढला आणि डॉक्टरणीसमोरच पदराने डोळे पुसले. सेक्रेटरींनी तिचा हात थोपटला आणि मग घाईघाईने मागे घेतला, कारण डॉक्टरीण बघत होती.

स्कॅन झालं. कानामागून मेंदूतलं रक्त खाली नेणारी एक मोठी शीर असते, तिच्यावरचं हाड एका जागी झिजून कागदासारखं पातळ झालं होतं. त्यामुळे शिरेतला प्रवाह थेट कानाला ऐकू येत होता. दुसरं काही वाईट नव्हतं. ऑपरेशनने ती जागा झाकता येते, डॉक्टरीण म्हणाली, पण जोखीम आहे, आणि आवाज सोसवत असेल तर घाई नको. ब्लडप्रेशर सांभाळा, अधूनमधून दाखवत राहा, झोपताना डाव्या कुशीवर झोपा, खोलीत रेडिओ मंद लावून ठेवा.

सेक्रेटरींनी ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. "शत्रू कोण ते कळलं, की निम्मं काम होतं," ते म्हणाले. उरलेलं निम्मं मात्र सोपं नव्हतं. रेडिओच्या आडूनही तो आवाज यायचा. बायको मग वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायची, आणि तिच्या आवाजात तो बुडायचा. ती वाचता वाचता पेंगली की पुन्हा वर यायचा.

घरी परतल्यावर त्यांनी कमिटीसमोर सगळं खरं सांगितलं आणि पद सोडलं. लोक ऐकून घेत होते, पण एकमेकांकडे बघत होते. बाहेर पडताना वकिलांचा आवाज जिन्यात ऐकू आला. "कानात मोटार! आतली गोष्ट वेगळीच असणार. घरमालकाचं आणि ह्यांचं काहीतरी साटंलोटं होतं, त्या माणसाला काढायचं." सेक्रेटरी परत फिरून बोलायला गेले, आणि थांबले. ह्या माणसाला काय ऐकवणार? आपणही हेच म्हटलं असतं.

कवळीवाल्याचा पत्ता बायकोकडे होता. म्हातारीशी तिचं फोनवर बोलणं चालू होतं, आणि आता ती ते लपवत नव्हती. दोघं बस बदलून तिथे गेली. एका दुकानामागची बुटकी जागा, एकच खोली, मध्ये पडदा. बायको थेट पडद्यापलीकडे म्हातारीकडे गेली. कवळीवाला कामावर वाकलेला होता. त्याने मान वर केली, पण उठला नाही. खुर्चीही पुढे केली नाही.

"काका, इथे टाकीच नाही," तो म्हणाला. "नळ थेट आहे. बघून घ्या."

"मी माफी मागायला आलोय."

सेक्रेटरींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कवळीवाला हाताची घडी घालून ऐकत होता. त्याच्या बोटांवरचं प्लॅस्टर वाळून त्याला भेगा पडत होत्या.

"कानात," तो म्हणाला.

"हो."

"न्हाणी फोडली तेव्हाही?"

"तेव्हा तर फारच जोरात."

तो जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. अगदी त्याच नजरेने, ज्या नजरेने सेक्रेटरी आयुष्यभर लोकांकडे बघत आले होते. मग हात पुसत उठला. "मला ऐकू द्या."

तो जवळ आला, वाकला आणि आपला कान सेक्रेटरींच्या उजव्या कानाला लावला. त्याच्या केसांना मेणाचा वास येत होता. सेक्रेटरींच्या डोक्यात मोटार नुसती गर्जत होती. ऐक बाबा, ते मनात म्हणत होते. ऐकू येऊ दे ह्याला.

कवळीवाला सरळ झाला. "काही ऐकू येत नाही."

"यंत्र लागतं त्याला. डॉक्टरणीकडे आहे. माझ्या बायकोने ऐकलाय."

"म्हणजे मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

"हो."

"माझ्या शब्दावर ठेवला होतात?"

"नाही," ते म्हणाले.

पडद्यापलीकडे दोघी बायका बोलायच्या थांबल्या होत्या. कवळीवाल्याने सुरी दिव्यावर धरली, तापवली, आणि मेणावर एक गुलाबी रेघ नीट बसवली. "त्या पेटीवर बसा," तो म्हणाला. "काकूंचं होईपर्यंत."

तो पुन्हा त्या इमारतीत राहायला आला नाही. सेक्रेटरींनी घरमालकाला दोनदा फोन केला, पण तिथे दुसरं कुटुंब आलं होतं. सेक्रेटरी मात्र बायकोबरोबर त्या दुकानामागे अधूनमधून जायला लागले. ते पेटीवर बसायचे, कवळीवाला काम करायचा. बोलणं बेताचंच. कधी तो एखादा साचा त्यांच्या हातात द्यायचा आणि धूळ झटकायला सांगायचा. ते मन लावून झटकायचे.

एके दिवशी पॉलिशचं यंत्र बंद करून त्याने न बघताच विचारलं, "आज कसा आहे?"

"आहे."

"जोरात?"

सेक्रेटरींनी डोकं किंचित कलतं करून अंदाज घेतला. "मध्यम."

"हं," कवळीवाला म्हणाला आणि त्याने यंत्र पुन्हा सुरू केलं.